आधी उघड्यावर, मग गल्लीत : दिल्लीच्या उन्हाळ्यातली एक पहाटफेरी

मे-जूनमध्ये बदलीवर दिल्लीला आलेल्या मराठी कुटुंबांचा एक बेत ठरलेला असतो. लक्ष्मीबाई नगरसारख्या सरकारी वसाहतीत घर लागते, मुलांना सुट्टी असते आणि रविवारी कुठेतरी गावाकडे जावे, कालव्याच्या काठाने पायी फिरावे असे वाटते. मग नकाशात नजफगढच्या पुढची, हरियाणाच्या हद्दीवरची एखादी हिरवी रेघ शोधली जाते, गाडी काढली जाते आणि मंडळी पोचतात तेव्हा साडेआठ-नऊ वाजलेले असतात. पुढचा तासभर कसा जातो ते सांगायला नको. हा बेत मोडावा आणि त्याच्या जागी घरापासून पायी निघणारी फेरी धरावी, असे या लेखाचे म्हणणे आहे. कारण साधे आहे. दिल्लीच्या उन्हाळ्यात चालण्याजोगा वेळ फार थोडा असतो, त्यामुळे कुठे जायचे हे अंतराने नव्हे, घड्याळाने ठरते. आणि घड्याळाच्या हिशेबात लक्ष्मीबाई नगरच्या रहिवाशाला पाण्याची वाट आणि गावाच्या गल्ल्या दोन्ही दारातच आहेत. त्या ओळखता मात्र आल्या पाहिजेत.

आधी वेळेचा हिशेब. पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाची पहाट सहाला होते, कारण मेअखेरीस तिकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. दिल्लीत तो त्याच दिवसांत पाच वाजून पंचवीस मिनिटांच्या आसपास वर आलेला असतो. म्हणजे जुन्या सवयीने सहाला उठून, चहा घेऊन साडेसहाला बाहेर पडणाऱ्याने चालण्याच्या वेळेतला उत्तम तास घरातच घालवलेला असतो. दिवसातले किमान तापमान सूर्योदयाच्या आगेमागे असते. त्यानंतर ते चढतच जाते आणि मेअखेरीस आठ वाजता सूर्य क्षितिजापासून तीस अंशांहून वर आलेला असतो. सव्वापाच ते आठ, फार तर सव्वाआठ, एवढाच काय तो पदरात पडणारा वेळ. जाण्यायेण्यात गाडीला प्रत्येकी तास दिला, तर चालायला काय उरले?

लक्ष्मीबाई नगरकरांची या बाबतीत एक सोय आहे, जी दिल्लीतल्या इतरांना नाही. बातम्यांत 'दिल्लीचे तापमान' म्हणून जो आकडा येतो तो हवामान खात्याच्या सफदरजंग वेधशाळेचा असतो, आणि सफदरजंग विमानतळाचा तो परिसर या वसाहतीच्या शेजारीच आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला असणाऱ्याला तो आकडा कमीजास्त करून घ्यावा लागतो. तुम्हाला तो बव्हंशी जसाच्या तसा लागू पडतो. २९ मे २०२४ रोजी मुंगेशपूरच्या केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाल्याने देशभर खळबळ उडाली. पुढे तपासणीत त्या यंत्रात तीन अंशांची चूक निघाली. त्याच दिवशी सफदरजंगला ४६.८ अंश नोंदले गेले, आणि ते काही कमी नव्हते. पण पहाटे निघणाऱ्याने कमाल आकड्याकडे पाहू नये, किमान आकड्याकडे पाहावे. मेअखेरीस सफदरजंगचे किमान तापमान साधारण सव्वीस-सत्तावीस अंश असते, आणि ते चालण्याजोगे आहे. १९ जून २०२४ ला ते ३५.२ अंशांच्या खाली उतरलेच नाही. अशा रात्रीनंतर शरीर आधीच थकलेले असते, झोप झालेली नसते आणि घाम सुकवणारी कोरडी हवाही जूनच्या उत्तरार्धात उरत नाही. म्हणून एक नियम पाळावा असे मी सुचवीन : किमान तापमान तिशीच्या आत असेल तर पूर्ण फेरी, तिशी ओलांडली तर निम्मी आणि बत्तीसच्या पुढे गेले तर घरीच. हा नियम कोणत्या खात्याचा नाही, माझाच आहे. पण कमाल तापमान पाहून घाबरण्यापेक्षा किंवा मुळीच न पाहता निघण्यापेक्षा तो शहाणपणाचा आहे.

आता वाट. या भागात कालवा कुठला, असे कोणी विचारील. कालवा नाही, पण पाण्याची वाट आहे आणि ती कालव्यांहून जुनी आहे. रिजच्या खडकाळ उंचवट्यावरून पावसाचे पाणी पूर्वेकडे यमुनेला वाहून नेणारा कुशक नाला चाणक्यपुरीच्या बाजूने येतो, सरोजिनी नगर-आयएनएच्या पट्ट्यातून पुढे जातो आणि शेवटी बारापुल्याच्या नाल्याला मिळून यमुनेत उतरतो. नाव कुशक महालाचे. तीन मूर्ती भवनाच्या आवारात फिरोजशहा तुघलकाच्या काळातली ही शिकारीची कोठी अजून उभी आहे, आणि तिच्यालगत पाणी अडवणारा बंधारा होता. चौदाव्या शतकात हे पाणी अडवण्याजोगे होते, एवढे यावरून दिसते. बारापुल्यावरचा अकरा कमानींचा दगडी पूल जहांगीर बादशहाच्या वेळचा. १७३७ साली बाजीराव पेशवे अचानक दिल्लीच्या वेशीवर येऊन ठाकले, तेव्हा चिमाजी अप्पांना त्यांनी जे पत्र लिहिले त्यात वाटेवरच्या खुणा म्हणून बारापुला आणि कालिकेचे देऊळ येतात. त्या स्वारीतली झुंज झाली ती तालकटोऱ्याजवळ, जिथे फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी माणसाला या पाण्याशी ओळख काढायला फार लांब जावे लागत नाही.

गावांचेही तेच. पिलंजी हे सरोजिनी नगरला खेटून असलेले गाव आहे. कोटला मुबारकपूर पूर्वेला, किडवई नगरच्या पलीकडे. दोन्ही आज शहराने वेढलेली असली तरी त्यांची गावठाणे जुनी आहेत. इंग्रजी अमदानीत, १९०८ च्या सुमारास, जमिनीच्या मोजणीत वस्तीभोवती नकाशावर तांबडी रेघ ओढली गेली. तिला दिल्लीत लाल डोरा म्हणतात. या रेघेच्या आत शेतसारा नाही आणि पुढे बांधकामाचे नियमही सैल, त्यामुळे भोवतालची शेते वसाहतींनी गिळली तरी गल्ल्या मूळच्या रुंदीच्याच राहिल्या आणि घरे मात्र तीन-चार मजली झाली. रस्ते आखणाऱ्याच्या दृष्टीने हा गोंधळ आहे. उन्हाळ्यात पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने ही दिल्लीतली उत्तम सावली आहे.

मात्र ती नेमकी कधी सावली असते, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण फेरीचा क्रम त्यावरच ठरतो. विटा-सिमेंटच्या भिंती दिवसभर तापतात आणि रात्रभर ती उष्णता सोडत असतात. अरुंद गल्लीत दोन्ही भिंती समोरासमोर असल्याने ही उष्णता आकाशाकडे निघून जायला वाव कमी. म्हणून पहाटे पाच वाजता गल्ली बागेपेक्षा गरम असते. झाडे आणि गवत असलेली मोकळी जागा याच वेळी सर्वांत थंड असते. सूर्य वर येऊ लागला की चित्र पालटते. उघड्या रस्त्यावर ऊन थेट अंगावर येते, पण गल्लीच्या तळाशी ते पोचत नाही. आठ वाजता उभ्या वस्तूची सावली तिच्या उंचीच्या दीडपटीहून थोडी अधिक असते. तीन मजली घर तीस फुटांचे धरले तर सावली पन्नास फुटांच्या आसपास पडते, आणि गल्लीची रुंदी असते आठ-दहा फूट. म्हणून आधी उघड्यावर, मग गल्लीत. बहुतेक लोक नेमके उलट करतात : गार वेळ वस्तीतून वाट काढण्यात घालवतात आणि बागेत पोचतात तेव्हा ऊन चढलेले असते.

दिशेचाही विचार करा. मे-जूनमध्ये दिल्लीतला सूर्य ईशान्येला उगवतो आणि निदान आठपर्यंत तरी पूर्वेच्या किंचित उत्तरेलाच राहतो. त्यामुळे पूर्व-पश्चिम जाणाऱ्या गल्लीत ऊन तोंडाशी सरळ आत घुसते. उत्तर-दक्षिण गल्लीत ते अडते. श्री अरविंद मार्ग साधारण उत्तर-दक्षिण आहे, तेव्हा सकाळी त्याच्या पूर्वेकडच्या फुटपाथवरून चालावे, म्हणजे त्या बाजूच्या झाडांची आणि इमारतींची सावली तुमच्यावर पडते. परतीचा टप्पा पश्चिमेकडे तोंड करून येईल असा ठेवावा. ऊन पाठीवर घेणे डोळ्यांवर घेण्यापेक्षा सोसवते.

यावरून जी फेरी निघते ती अशी. सव्वापाचला घर सोडा. अरविंद मार्गाने उत्तरेकडे जोरबागच्या दिशेने जा. डावीकडे विमानतळाचा मोकळा माळ असल्याने या पट्ट्यात पहाटेची हवा खेळती असते. जोरबागच्या बाजूला मिर्झा नजफखानाची कबर आहे. १७८२ मध्ये तो गेल्यावर दिल्ली दरबारात जी पोकळी झाली तिच्यातूनच दोन वर्षांनी महादजी शिंदे वकील-इ-मुतलक झाले. मार्गाच्या टोकाला सफदरजंगचा मकबरा. तिथून उजवीकडे लोधी गार्डन. ही बागही एके काळी गावच होती : खैरपूरच्या लोकांना उठवून १९३६ मध्ये तिथे लेडी विलिंग्डन पार्क केले गेले, आणि आजचे नाव स्वातंत्र्यानंतरचे. बागेत सूर्योदयानंतरचा अर्धा-पाऊण तास घालवा. मेअखेरीस बहावा फुललेला असतो, त्याला इथे अमलतास म्हणतात. बागेशेजारच्या अमृता शेरगिल मार्गावर तो दुतर्फा आहे आणि केवळ तेवढ्यासाठी वाट थोडी वाकडी करायला हरकत नाही. पावणेसातला मात्र बाग सोडा आणि दक्षिणेला कोटला मुबारकपूरकडे वळा.

कोटल्याच्या मधोमध सय्यद घराण्याच्या मुबारकशहाची कबर आहे. १४३४ मध्ये त्याचा खून झाला. त्याच्या नावाने वसलेले गाव त्याच्या कबरीला चहूबाजूंनी टेकले आहे. अष्टकोनी इमारत, उतरत्या भिंतींचे जाड खांब, वर घुमटाभोवती छत्र्या, आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर लोकांच्या गॅलऱ्या, वाळत घातलेल्या चादरी, पाण्याच्या काळ्या टाक्या. सातच्या सुमारास इथल्या गल्लीत दुधाचे क्रेट उतरत असतात, दुकानदार उंबऱ्यासमोर पाणी मारत असतात आणि खिडक्यांतून बाहेर आलेले पत्र्याचे कूलर वाळ्याचा ओला वास सोडत टपकत असतात. हा वास फार सुखद असला तरी एक सावधगिरी बाळगा : ओल्या गल्लीत कूलरच्या पत्र्याला, लोखंडी जाळीला, लोंबणाऱ्या तारेला हात लावू नका आणि मुलांना लावू देऊ नका. विजेचा धक्का बसण्याचे प्रकार दर उन्हाळ्यात घडतात. इथून किडवई नगरमधून पश्चिमेकडे निघालात की दर्याखानाच्या कबरीजवळून अरविंद मार्ग ओलांडून दिल्ली हाटपाशी याल. १९९४ मध्ये सुरू झालेला हा बाजार झाकलेल्या नाल्यावरच्या जागेत उभा आहे. म्हणजे शेवटचा टप्पा तुम्ही कुशक नाल्याच्या सोबतीनेच चालता, दिसत नसला तरी. पावणेआठ-आठला घरी. सहा-सात किलोमीटरची ही फेरी जड वाटली तर पहिले काही दिवस फक्त पिलंजीपर्यंत जाऊन या. नव्या माणसाच्या शरीराला दिल्लीचा उन्हाळा अंगवळणी पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्या मुदतीत अंतर वाढवण्याची घाई करू नये. फेरीच्या वाटेवर जोरबाग, साउथ एक्स्टेन्शन आणि आयएनए अशी तीन मेट्रो स्थानके आहेत, हे ध्यानात ठेवा. तिथे सावली, स्वच्छतागृह आणि परतीची गाडी मिळते, आणि थकल्यावर हट्टाने चालत राहण्यात काही पराक्रम नाही.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येतो तो वासाचा. नाला म्हणजे गटार, त्याच्या बाजूने कोण फिरणार? आक्षेप खरा आहे. पावसाळ्यापूर्वी या नाल्यांत वाहते ते बहुतांशी सांडपाणीच, आणि उन्हात त्याचा वास वाढतो. म्हणूनच वरची वाट उघड्या नाल्याच्या काठाने नेलेली नाही. तो फक्त ओलांडायचा आहे, तोही सकाळी. पण तो मुळीच पाहू नये, हे मला मान्य नाही. दिल्लीतल्या नाल्यांचे जाळे स्वच्छ करून त्यांच्या काठाने पायवाटा काढाव्यात, अशी योजना वास्तुरचनाकार मनित रस्तोगी यांच्या मॉर्फोजेनेसिस या संस्थेने मांडून बराच काळ लोटला. त्याउलट प्रत्यक्षात घडले ते झाकण्याचे काम : कुशक नाल्यावर बाजार आला, बसचा डेपो आला. झाकलेला नाला नागरिकाला दिसत नाही, म्हणून तो स्वच्छ करा अशी मागणीही कोणी करत नाही. रोज ज्यांच्या पायाखालून तो जातो त्यांनी तरी त्याची वाट माहीत करून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : हे खरे गाव नव्हे, इथे शेत नाही, मोट नाही, उसाचा वास नाही. कबूल. ज्याला शेतातला कालवाच हवा त्याने दिल्लीत तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाहावा. ओखल्याच्या बंधाऱ्यापासून निघणारा, १८७४ मध्ये सुरू झालेला आग्रा कालवा मेट्रोने गाठता येतो : आयएनएहून हौज खास, तिथे गाडी बदलून कालिंदी कुंज. पण काठाच्या रस्त्यावर वाहने फार आणि झाडे थोडी, त्यामुळे उन्हाळ्यात तो मुळीच नको. मे महिन्यात सुट्टीवर महाराष्ट्रात जाणार असाल तर मात्र नीरेच्या डाव्या कालव्यासारखी जागा नाही. १८८५ पासून बारामतीच्या बाजूला पाणी नेणारा हा कालवा वर्षभर भरलेला नसतो. आवर्तन सुटले की वाहतो, एरवी ठणठणीत कोरडा. तेव्हा निघण्यापूर्वी गावात विचारा की पाणी कधी सुटणार. आणि पाणी असेल तर मुलांना काठावरच ठेवा. अस्तर केलेल्या कालव्याची बाजू उतरती आणि शेवाळलेली असते, पाय घसरला तर धरायला काही नसते आणि वरून संथ दिसणारा प्रवाह आत जोरात ओढतो. पोहता येणारी माणसेही यात दगावतात.

तिसरे म्हणणे नोकरदारांचे : सकाळी जमत नाही, संध्याकाळी फिरलो तर? मे महिन्यात सव्वासातला सूर्य मावळतो तेव्हाही पारा पस्तिशीच्या वरच असतो. दुपारच्या कडक उन्हात वाहनांच्या धुरातून तयार होणारा ओझोन संध्याकाळच्या हवेत रेंगाळतो, आणि वायव्येकडून धुळीची आँधी येते तीही बहुधा दुपार टळल्यावर. गल्ल्यांच्या भिंती तर तेव्हा भट्टीसारख्या तापलेल्या असतात. तेव्हा संध्याकाळीच जायचे असेल तर गल्ली पूर्ण वर्ज्य करा, जेवणानंतर वसाहतीतल्या झाडांखाली अर्धा तास चाला आणि लांबची फेरी रविवारसाठी ठेवा. वसाहतीतले जुने कडुनिंब आणि जांभळे किती मोलाची आहेत ते अशा वेळी कळते. शेजारच्या सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीसाठी हजारो झाडे तोडली जाणार होती, तेव्हा जून २०१८ मध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि उच्च न्यायालयाने तोडीला स्थगिती दिली. सावलीसाठी भांडणे ही चैन नव्हे.

गल्लीत कसे वागावे याबद्दल थोडेसे. ही कोणाची तरी राहती जागा आहे. दार उघडे असले तरी आत डोकावू नका, अंगणात बसलेल्या बायकांचे आणि मुलांचे फोटो काढू नका, दहा जणांचा घोळका करून मोठ्याने माहिती सांगत फिरू नका. खाटेवर बसलेल्या वृद्धांना "राम राम जी" म्हटले की वाट विचारायची गरज उरत नाही, तेच सांगतात.

बरोबर काय घ्यावे? माणशी लिटरभर पाणी, रुंद काठाची टोपी किंवा सुती पंचा, सैल सुती कपडे, आणि पन्हे किंवा मीठ घातलेले पातळ ताक. नुसते पाणी पीत राहिल्याने घामातून गेलेले मीठ भरून येत नाही. जलसंजीवनीचे पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ करून ठेवावे, चमचा चहाचा. रस्त्यावरची कापलेली फळे आणि बर्फाचे सरबत टाळा. सीलबंद ताक दूधकेंद्रावर मिळते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी आणि हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मीठ-पाण्याचे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारावे.

कोणी चालताना गप्प झाले, चिडचिड करू लागले, डोके दुखते म्हणाले, पोटऱ्यांत गोळे आले, तर तिथेच थांबा, सावलीत बसवा, घोट घोट पाजा. बोलणे असंबद्ध झाले, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. अशा माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. १०२ किंवा ११२ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत स्वस्थ बसू नका : कपडे सैल करा, मिळेल तेवढे थंड पाणी अंगावर ओता, वारा घाला, काखेत, मानेला, जांघेत बर्फ लावा. कोटल्यात कोणतेही दुकान बादलीभर पाणी देईल. शरीर गार करणे आधी, नेणे नंतर. एम्स आणि सफदरजंग ही दोन्ही रुग्णालये अरविंद मार्गावरच आहेत, तरीही वाहतुकीत गेलेली वीस मिनिटे मेंदूला महाग पडतात.

ही फेरी मेच्या सुरुवातीपासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत धरावी. दिल्लीत मोसमी पावसाची सरासरी तारीख २७ जून आहे, आणि पहिला पाऊस सौम्य असेलच असे नाही : २८ जून २०२४ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सफदरजंगला २२८ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर तुंबले. अशा दिवसांत नाल्याच्या आसपासचे सखल रस्ते, रस्त्याखालचे बोगदे आणि कोटल्यातल्या उतरत्या गल्ल्या पूर्ण टाळा; गढूळ पाण्याखाली उघडे मॅनहोल दिसत नाही आणि तुटलेली तारही दिसत नाही. पाऊस ओसरून दोन दिवस झाले की लोधी गार्डनपर्यंतचा उघड्यावरचा भाग पुन्हा सुरू करता येतो. गल्ल्यांसाठी पाणी उतरून रस्ता दिसेपर्यंत थांबा.